शेरा: उच्चार अस्पष्ट

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दीपाली आली होती. शाळेत माझ्या हाताखाली चार नाटकांत कामं केलेली पोर, आता कराडच्या कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवते. सोबत पत्र होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या हौशी लोकांनी मिळून कौटुंबिक चित्रपटांचा महोत्सव भरवलाय. घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघावेत असे नवे मराठी चित्रपट. बक्षिसं दोन: एक पडद्यावरच्या अभिनयाला, एक नुसत्या आवाजाच्या अभिनयाला, म्हणजे ॲनिमेशनमधल्या पात्रांना. आवाजाचं बक्षीस मिळालेला चित्रपट पुढच्या वर्षभर दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांतून दाखवणार. परीक्षक तिघं. एक दीपाली, एक साताऱ्याचे विश्वजित म्हणून कुणी फिल्म क्लबवाले, आणि तिसरी मी.

"बाई, तुमच्या कानाला पर्याय नाही," ती म्हणाली.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. चौतीस वर्षं मुलांची नाटकं बसवली. तालमीला शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायचे. कुणाचा 'श'चा 'स' झाला की तालीम तिथंच थांबायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कुणी विचारत नाही आता.

ह्यांना मात्र आनंद झाला नाही. हळदीचं दुकान धाकट्या भावजींच्या हवाली केल्यापासून ह्यांना माझ्यावर लक्ष ठेवण्याशिवाय उद्योग नाही. "झेपंल का तुला? त्याआधी एकदा मिरजेला जाऊन येऊया की," म्हणाले. मिरजेला कशाला, ते सांगितलं नाही. सांगितलं असेल तर पुटपुटले. हल्ली फार पुटपुटतात.

मी होकार कळवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

कराड. एका शाळेच्या सभागृहात आमच्यासाठी चित्रपट लावले होते. समोर चाळीसेक मुलं आणि त्यांचे आईबाप. बाहेर रस्त्यावर निवडणुकीच्या गाड्यांचे भोंगे. तेवढे मात्र खणखणीत ऐकू येत होते.

'मामाची तीनचाकी' बघितला. रहिमतपुरात मालवाहू तीनचाकी चालवणारा मामा, त्याच्याकडं राहायला आलेली बहीण आणि तिची दोन मुलं. बहिणीचं काम केलेल्या बाईंनी मला जिंकलं. एका प्रसंगात ती मुलाच्या दप्तरातून ओला मोजा काढते, बघते, पिळते आणि परत आत ठेवते. मुलगा ओढ्यात उतरला होता हे तिला कळलंय, आणि तिला कळलंय हे मुलाला कळू द्यायचं नाही. एवढं सगळं एका पिळण्यात. पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण दिले.

आजोबाचं काम केलेला नट मला आवडला नाही. मिशी ही एवढी, शब्द त्या मिशीतच राहतात. मध्यंतरात विश्वजित म्हणाले (बहुतेक असंच म्हणाले, ते स्वतःही दाढीतच बोलतात) की हा आजोबा म्हणजे या महोत्सवातलं सर्वांत मोठं काम. शेवटी तो नातीला रागावतो आणि रागावता रागावता त्याचा आवाज कापतो, तिथं त्यांना भरून आलं म्हणे. मला कापलेलं काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "जो नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तो माझ्या लेखी नट नाही."

जेवण सूर्य मावळायच्या आत व्हावं म्हणून हे गाडी जोरात हाकत होते. गाडीत एक अक्षर बोलायची ताकद नव्हती. तीन तास नुसतं बसून माणूस इतका कसा दमतो?

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून डोकं जड. सगळं अंग आंबल्यासारखं. साखर तपासली, ठीक आहे.

पुण्याहून मुलाचा, अरिहंतचा फोन. नात बोलायला आली, पण तिचं बोलणं फोनवर चिरकतं, तुटतं. मग ह्यांच्या फोनवर लावायला सांगितलं. त्यांना सगळं कळत होतं म्हणे. त्यांचा फोन चांगला आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज आवाजाचे दोन मुख्य दावेदार पाहिले. पुन्हा कराडलाच.

पहिला 'हत्तीची रजा'. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं केलेला, चित्रं देखणी. एका म्हाताऱ्या हत्तीला सर्कशीतून एक दिवस सुट्टी मिळते. हत्तीचा आवाज वीरधवल नावाच्या व्यावसायिक नटाचा आहे. काय आवाज! विहिरीत घागर बुडावी तसा. एक अक्षर वाया जात नाही. डोळे मिटून ऐकला, पूर्वीसारखा. किती दिवसांनी डोळे मिटून काही ऐकलं.

दुसरा 'गवताची शिट्टी'. तानाजी नावाच्या, जत भागातल्या एका प्राथमिक शिक्षकानं केलेला. चित्रं शाळेतल्या पोरांनी काढलेली, ती हलवलीयत. एका आंधळ्या म्हाताऱ्या मेंढीची गोष्ट: धुळीच्या वादळात कळप भरकटतो आणि डोळस मेंढरांना वाट दिसत नाही, तेव्हा ही पुढं होते. मेंढीचा आवाज त्याच्या चुलतीचा, तानुबाईंचा. त्या जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या बाई. कल्पना चांगली आहे. पण बाईंचं बोलणं म्हणजे नुसती वाऱ्याची झुळूक. वाक्य सुरू होतं आणि विरतं. शब्दांचे शेवट गिळलेले. माणूस समोर असता तर चेहऱ्यावरून तरी अंदाज बांधला असता, मेंढीच्या चित्रावरून काय कळणार? ओठ नुसते वरखाली.

आणि गंमत म्हणजे, चित्रपटाचं नाव 'गवताची शिट्टी', पण चित्रपटात शिट्टीच नाही! शेवटी धनगराची पोर टेकडीवर उभी राहून दोन अंगठ्यांत गवताचं पातं धरते, फुंकते, गाल फुगतात, आणि पूर्ण शांतता. मेंढी मान वर करते आणि चालू लागते. म्हणजे शिट्टी प्रेक्षकांनी मनातच ऐकायची! असले प्रयोग मोठ्या दिग्दर्शकांना शोभतात. नवल याचं की सगळं सभागृह त्या शांततेत स्तब्ध झालं होतं. पुढच्या रांगेतल्या दोन बाया पदरानं डोळे पुसत होत्या. दीपालीसुद्धा. आजकाल लोकांना शांतताही पुरते रडायला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

गुणपत्रिका भरली. दोन्ही आवाज मनात शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा तोलले. अन्याय नको.

हत्ती: शब्द स्पष्ट, श्वासावर ताबा, वजन. ५० पैकी ४६.

मेंढी: भावना असेलही, पण भावना पोचवायला शब्द लागतात. ५० पैकी २१. शेरा लिहिला: "उच्चार अस्पष्ट. शब्दांचे शेवट ऐकू येत नाहीत. यांना आवाजाचं काम देण्याआधी मूलभूत शिक्षणाची गरज होती."

शेरा जरा कडक झाला. पण मी कधी कुणाला खोटं गोड सांगितलेलं नाही. मुलांना तेच भलं करतं.

१ डिसेंबर, रविवार

परीक्षकांची बैठक, आमच्याच घरी. दीपाली आणि विश्वजित दोघांचंही पहिलं माप मेंढीच्या पारड्यात. विश्वजित आपले दाढीतून बरंच काही सांगत होते. मी त्यांच्या ओठांकडं बघून बघून थकले. शेवटी म्हटलं, "हे बघा, मी दाखवते." आणि मेंढीचं एक वाक्य, जेवढं लक्षात होतं तेवढं, मी स्वतः म्हणून दाखवलं. स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "असं पोचायला पाहिजे."

दीपाली हळूच काही म्हणाली.

"मोठ्यानं बोल गं. नाटक शिकवतेस ना?"

"म्हटलं, बाई, हे वाक्य चित्रपटात नाही."

"असंच काहीतरी आहे. मुद्दा तो नाही."

मग मी माझ्या चौतीस वर्षांबद्दल बोलले. बरंच बोलले. मी बोलत असले की मला बरं वाटतं, समोरच्याचं धरत बसावं लागत नाही. अखेर दीपालीनं पेन काढलं आणि आपले मेंढीचे गुण कमी केले. "बाई म्हणतात तर असेल," असं काहीसं म्हणाली. हत्तीला बक्षीस. विश्वजितनी सही केली, चहा मात्र तसाच ठेवला.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. लोक गेल्यावर म्हणाले, "गुणमाला, एकदा मिरजेला जाऊया."

"तुमची मिरज तुमच्याजवळ ठेवा," म्हटलं.

४ डिसेंबर, बुधवार

ह्यांनी दाराची घंटा बदलली. इतकी छान चिमणीसारखी चिवचिवणारी होती, तिच्या जागी आगीच्या बंबासारखी ढणढणती आणलीय. पहिली बिघडली होती म्हणे. खरंच असेल, दोन महिने वाजलीच नाही.

१५ डिसेंबर, रविवार

साताऱ्यात बक्षीस समारंभ. हे गाडी घेऊन बरोबर होते. गर्दी, ढोल, लेझीम, कर्णे. सगळ्याचा मिळून एक लगदा कानात. भाषणांत कोण काय म्हणालं विचारू नये. टाळ्या वाजल्या की मी वाजवत होते.

वीरधवलनी बक्षीस घेतलं. साधा माणूस, वाकून नमस्कार केला.

नंतर चहाच्या टेबलाजवळ कुणीतरी माझा हात धरला. हिरव्या नऊवारीतली एक छोटीशी बाई, कपाळाला मोठं कुंकू. मागं तिशीचा एक मनुष्य उभा. हेच तानाजीगुरुजी आणि ह्याच तानुबाई, ह्यांनी मला खुणेनं सांगितलं. बाई माझ्याकडं बघत बराच वेळ काहीतरी बोलल्या. अशा वेळी माणसं जे म्हणतात तेच म्हणत असणार, चुकलंमाकलं पोटात घाला, आशीर्वाद असू द्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून हसत म्हटलं, "हो हो, अगदी खरं!"

बाईंनी हात सोडवून घेतला आणि निघूनच गेल्या. खेड्यातली माणसं बुजरी.

परतताना उंब्रजला चहाला थांबलो, तर चहा समोर ठेवून नुसते रस्त्याकडं बघत बसले.

१६ डिसेंबर, सोमवार

लिहायला नको वाटतंय. पण लिहायचं नाही तर वही कशाला.

सकाळी हे माझ्या अगदी समोर खुर्ची ओढून बसले. गुडघ्याला गुडघा लावून. आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलले, जसं मी पहिलीच्या पोरांशी बोलायची.

"काल ती म्हातारी तुला काय म्हणाली, म्हाईत हाय?"

"आशीर्वाद मागत असेल."

"न्हवं. ती म्हणाली, बाई, तुमी कागदावर लिवलं तसं माजं बोलणं खरंच कुणाला कळण्यासारखं न्हाई का? मी तोंड उघडू नये का परत? आणि तू हसून म्हणालीस, हो हो, अगदी खरं."

मग म्हणाले की गुणपत्रिकेची प्रत प्रत्येक चित्रपटवाल्याला पाठवली होती. तानाजीगुरुजींनी ती लपवून ठेवली होती, पण पोरांपैकी कुणीतरी वाचून दाखवली तिला.

"आणि शिट्टी हाय त्या पिक्चरमधी," हे म्हणाले. "मी मागं बसलो होतो. लांबनं येत्या. बारीक. काटा आला अंगावर. समद्यास्नी ऐकू आली, गुणमाला. तुला सोडून. दोन वर्सं झाली, तुझं ऐकू येणं कमी झालंय."

मी भांडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि माझी अशी शोभा होऊ दिलीत, असं म्हटलं.

"तीनदा सांगितलं," ते म्हणाले. "तिन्ही वेळा 'काय?' म्हणालीस, आणि मग चिडलीस."

मग उठून स्वतःच कुकर बंद केला. त्याच्या शिट्ट्या झाल्या होत्या. मला वाटत होतं अजून एकही झाली नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

काही नाही. झोपून राहिले.

२० डिसेंबर, शुक्रवार

मिरज. कानाच्या दवाखान्यात एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर मोठे हेडफोन दिले. हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला घुमणारे, जाड आवाज आले, भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन बंद पडलं असावं म्हणून मी काचेतून त्या मुलीकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता एकेक कळ फिरवत होती आणि कागदावर खुणा करत होती.

मशीन बंद पडलेलं नव्हतं.

तिनं आलेख दाखवला. रेघ आधी सपाट जाते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. "जाड आवाज तुम्हाला बरे ऐकू येतात," ती म्हणाली. "बारीक आवाज गेलेत. स, श, फ, ख अशी अक्षरं, लहान मुलांची आणि पातळ आवाजाच्या बायकांची बोलणी. उरलेलं तुम्ही लोकांच्या ओठांवरून आणि अंदाजानं भरून काढता. दिवसभर डोक्याला तेच काम. दमायला होत असेल ना खूप?"

या प्रश्नाला मला रडू आलं. कान गेल्याचं सांगितलं तेव्हा आलं नव्हतं.

वीरधवलचा आवाज घागरीसारखा. दाढी-मिशीवाले सगळे वाईट. ज्या बाईचा चेहरा पडदाभर दिसला तिला चव्वेचाळीस. मी अभिनय तोलत नव्हते, मला काय ऐकू येतंय ते तोलत होते.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दोन्ही कानांत यंत्रं. जग सुंदर वगैरे झालं नाही. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. माझी स्वतःची चप्पल मला त्रास देते. बाजारात यंत्रं दहा मिनिटांत काढून पिशवीत टाकली. सवय व्हायला महिने लागतील म्हणे.

दुपारी दीपालीला बोलावलं. ती लॅपटॉप घेऊन आली. आम्ही 'गवताची शिट्टी' पुन्हा लावला. सगळं नाही कळलं. पण आता मेंढी बोलत होती. वादळात कोकरू विचारतं, तुला दिसत नाही तर वाट कशी माहीत? त्यावर तानुबाई जे सांगतात, त्यात आधी हसतात, अगदी थोडं, नाकातून. ते हसू मला ठाऊकच नव्हतं. आंधळ्या माणसाला हा प्रश्न शंभरदा विचारला गेलाय आणि तरी तो या पोराला पहिल्यांदाच पडलाय, हे त्या हसण्यात आहे. ओला मोजा पिळणाऱ्या बाईंच्या तोडीचं काम, आणि तेही चेहऱ्याशिवाय. हत्ती चांगलाच आहे, त्याचं काही कमी करत नाही. पण हत्ती प्रत्येक वाक्य ऐकवायला बोलतो. मेंढी कोकराशी बोलते.

शिट्टी आली. यंत्रातून आली ती पत्र्यावर खिळा ओढावा तशी. लोकांना जशी ऐकू आली तशी मला बहुतेक कधीच येणार नाही.

"शिट्टीसुद्धा तानुबाईंनीच वाजवलीय," दीपाली म्हणाली.

मी तिला विचारलं, "तू गुण का कमी केलेस? तुला तर ऐकू येत होतं."

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "सातवीत असल्यापासून तुम्ही म्हणाल ते बरोबर, असंच आहे बाई. मला वाटलं माझंच काही चुकत असेल. घरी गेल्यावर स्वतःची लाज वाटली."

तिच्यावर रागवायचा मला काय अधिकार.

३० डिसेंबर, सोमवार

महोत्सवाच्या चिटणीसांना पत्र लिहिलं. चार ओळी. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे मला माहीत नव्हतं, माझे गुण आणि शेरा रद्द समजावेत. डॉक्टरांचा आलेख जोडला.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

चिटणीसांचा फोन. हे मधे बसून मला एकेक वाक्य सांगत होते. निकाल जाहीर झालाय, शाळांच्या तारखाही 'हत्तीची रजा'साठी ठरल्यात, आता बदल होणार नाही. माझा शेरा कागदपत्रांतून काढतील. आणि हे बाहेर कुठं बोलू नये, महोत्सवाची नाचक्की होते.

म्हणजे झालं ते झालंच. पत्रानं काही उलटलं नाही.

मग तानाजीगुरुजींना फोन लावायला सांगितला. ह्यांनी त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं ऐकवलं: "काकू शाळंत यायची बंद झालीया. नवीन पिक्चरचं काम हाती घेतलंय आमी, त्यात म्हातारी टिटवी हाय, तिच्या आवाजासाठी इचारलं. न्हाई म्हणती. पोरं घरी बोलवाय गेली तर हातानं खुणा करून हाकलती. घरातबी लय बोलत न्हाई." मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पन तिला आता कोण समजावणार?"

५ जानेवारी, रविवार

सकाळी जतकडं निघालो. हिरवळ मागं पडत गेली, बाभळी आणि माळ सुरू झाला. यंत्रात वारा भरून येतो म्हणून काचा बंद. हे गाडी चालवता चालवता उगाच काहीतरी विचारत होते. मग कळलं, मला सवय व्हावी म्हणून बोलत होते.

तानुबाई अंगणात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण बसायला पोतं सरकवलं. सुपाचा आवाज माझ्या कानात कडाकडा वाजत होता. तानाजीगुरुजी आणि हे बाजूला उभे.

वाटेत मी मनात मोठं भाषण जुळवलं होतं. ते सगळं राहिलं. मी कानातलं एक यंत्र काढून तळहातावर ठेवलं आणि त्यांना दाखवलं.

"तानुबाई, मी बहिरी आहे. तुमचं बोलणं अस्पष्ट नव्हतं. माझे कान गेलेत आणि मला ते कळलं नव्हतं. साताऱ्याला तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही. न ऐकताच मी हो म्हटलं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. यंत्र बोटानं उलटंपालटं करून बघितलं. मग माझ्याकडं बघून बोलल्या, आणि मी यंत्र घाईनं कानात घालेपर्यंत अर्धं वाक्य निघून गेलं.

"परत सांगा," मी म्हटलं.

"म्हटलं, न्हाई ऐकू आलं तर न्हाई म्हणायचं. हो कशापायी म्हणायचं?"

"लाज वाटते."

"कशाची? आमचा बापू म्हातारा झाला तवा त्यालाबी येत नव्हतं. आमी खडा मारून बोलवायचो." त्या हसल्या नाहीत. "तुमी शिकल्यालं मानूस. कागदावर लिवलं म्हंजी खरंच आसंल असं वाटलं मला. म्या महिनाभर गप बसलोय बाई. सुना विचारत्यात काय झालं. काय सांगू?"

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. चहा दिला. लय गोड.

मी म्हटलं, टिटवीचं काम करा. मुलं थांबलीत तुमच्यासाठी.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि परत पाखडायला लागल्या. आम्ही निघालो तेव्हा तानाजीगुरुजींना काहीतरी म्हणाल्या. गुरुजी गाडीपर्यंत आले. "काकू म्हणती, करीन. पन त्या बाईला म्होरं बसवा म्हणं. ती म्होरं बसली तर करीन."

मला वाटलं शिक्षा देतायत. देऊ देत.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा जत. शाळेच्या एका खोलीत चारी भिंतींना वाकळा टांगल्या होत्या, घुमू नये म्हणून. मधे माइक, खुर्चीवर तानुबाई, हातात कागद नाही. वाचता येत नाही. तानाजीगुरुजी ओळ सांगतात, त्या आपल्या पद्धतीनं म्हणतात. त्यांच्या समोर तीन हातांवर मी. हे आणि दीपाली मागच्या बाकावर.

सुरू करायच्या आधी तानुबाईंनी मला सांगितलं. मोठ्यानं, ओठ नीट उघडून.

"आवं बाई, न्हाई कळलं की हात वर करा. हो हो करू नगा."

पहिली ओळ. कळली. दुसरी नाही. हात वर करायला जड गेला, इतकी वर्षं हात वर करणारी पोरं समोर असायची. केला. त्यांनी परत म्हटली. तिसरी कळली. चौथीला पुन्हा हात.

तासाभरानं माझी मान आखडली. कानात यंत्राची खाज, डोळ्यांत पाणी, पाठीमागून कुणी पाणी हवं का विचारत होतं तेही कळेना. टिटवी आपल्या अंड्यांशी बोलते असा प्रसंग होता. रात्र झालीय, नांगर येणार आहे, आणि ती पिल्लांना भ्यायचं नाही असं सांगते, स्वतः भीत. तानुबाईंच्या आवाजात ते भेणं पानावर पाणी थरथरावं तसं होतं. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं असेल. ते निम्मंच मला पुरेसं झालं.

किती वेळा हात वर केला ते मोजलं नाही. त्या एकदाही कंटाळल्या नाहीत. प्रत्येक वेळी परत म्हणताना जरा वेगळं म्हणत, आणि तानाजीगुरुजी टिपून घेत. मधेच म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं चांगलं निघालंय." खरं असेल, मला बरं वाटावं म्हणूनही असेल.

शेवटची ओळ. तानुबाई म्हणाल्या. खोलीतली सगळी एकदम सैल झाली, दीपालीनं टाळी वाजवली, गुरुजी उठून म्हणाले, "झालं! लय भारी आलं!" ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चल आता, अशा अर्थानं. सगळे दमले होते. तानुबाई माझ्याकडं बघत होत्या.

मला ओळ कळली होती. शेवटचा एक शब्द सोडून.

मी हात वर केला.

"तानुबाई, एक शब्द नाही ऐकू आला. परत सांगा."

त्यांनी तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन घसा साफ केला, गुरुजींना हातानं खाली बसवलं, आणि परत सांगितलं.